पाचशे ग्रोस बटणं

लग्नात जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन उभं असताना शेजारचा माणूस विचारतो, "आपण कुठे असता?" मी सांगतो, "कपड्यांच्या कंपनीत. परचेसला." पहिल्या दोन शब्दांना त्याचा चेहरा उजळतो आणि तिसऱ्याला डोळे बारीक होतात. उजळतो अशासाठी, की ह्याच्याकडे 'सेकंड्स'चा माल स्वस्तात मिळत असणार. बारीक होतात अशासाठी, की हा परचेसवाला, म्हणजे ह्याला 'वरचे' किती मिळत असतील? मग तो माझ्या अंगावरचा शर्ट बघतो, मनगटावरचं घड्याळ बघतो आणि हा माणूस एक तर फार प्रामाणिक आहे किंवा फार हुशार, असं ठरवून पुढच्या पातेल्याकडे सरकतो. मी सकाळपासून कॉलरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीसाठी सात फोन केलेले असू शकतात, अशी शंका त्याला येत नाही.

कपड्यांच्या कंपनीतली खरेदी म्हणजे कापडाची खरेदी, असा सगळ्यांचा समज असतो. पांढरीशुभ्र गादी, समोर ताके उलगडतायत, शेठनी चहा मागवलाय आणि मी कापडावरून हात फिरवत "हं, हे बाजूला ठेवा" म्हणतोय. असे दिवस वर्षातून चार-पाच येतातही. मुंबईत मुळजी जेठा मार्केटमध्ये काही पेढ्यांवर अजून चपला काढून गादीवर बसायची रीत आहे आणि तिथे बसलं की मलाही क्षणभर आपण पेशव्यांचे वकील असल्यासारखं वाटतं. उरलेले तीनशे दिवस मी ज्या वस्तू विकत घेतो, त्या कुणाला सांगण्यासारख्या नाहीत.

एक साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या. त्याला कापड लागतं, हे झालं सामान्यज्ञान. मग कॉलर आणि कफ ताठ राहावेत म्हणून आत चिकटवायचं फ्युजिंग. दोरा. बटणं. कंपनीच्या नावाचं लेबल, मापाचं लेबल, कसा धुवावा आणि कसा धुऊ नये ह्याचं लेबल. शर्ट शिवून झाला, आता तो घडी करून बसवायचा. त्यासाठी पाठीला पुठ्ठा, टिश्यू कागद, कॉलरच्या आतून फिरणारी प्लॅस्टिकची पट्टी, गळ्याशी ते पारदर्शक 'फुलपाखरू', कॉलरच्या टोकांत बोन, बाह्या धरून ठेवायला क्लिपा, टाचण्या, किमतीचा टॅग, टॅग अडकवायचा दोरा, पॉलिथिनची पिशवी, पिशवीवर स्टिकर, खोका, खोक्यावर स्टिकर, बारा खोक्यांचा मोठा खोका आणि त्याला लावायची टेप. नवऱ्या मुलालासुद्धा बोहल्यावर चढवताना एवढं सामान लागत नाही. गिऱ्हाईक घरी नेऊन हे सगळं पाच मिनिटं उपसतं आणि शेवटची टाचणी त्याला मानेनेच सापडते. त्या टाचणीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. ती मीच घेतलेली असते, किलोच्या भावाने.

ह्या यादीत एक गंमत आहे. कापड कधीही काम अडवत नाही. कापड महाग, म्हणून त्याची सगळे काळजी घेतात. त्याच्यासाठी मीटिंगा होतात, मोठे साहेब स्वतः सुरतेला जातात, महिनाभर आधी ताके गोदामात येऊन पडतात. काम अडतं ते नेहमी चाळीस पैशांच्या वस्तूपाशी. दीड हजाराचा शर्ट, शिवून, इस्त्री करून, 'टॅगसाठी थांबलाय' अशी चिठ्ठी गळ्यात घेऊन आठ-आठ दिवस पडून असतो आणि त्या आठ दिवसांत कंपनीतला प्रत्येक माणूस माझ्या टेबलाशी येऊन एकच वाक्य बोलून जातो, "एवढंसं तर होतं." माझ्या मागे कुणी माझ्यावर चार ओळी लिहिल्या, तर त्यातली पहिली हीच असेल.

नोकरीला लागलो तेव्हा मला वाटलं होतं, आपण बी.कॉम. आहोत, हिशेब जमतील. पण ह्या धंद्यातली मोजमापं हिशेबात बसणारी नाहीत. कापसाचा भाव खंडीवर. ती खंडी ३५६ किलोची, का ते विचारायचं नाही. सूत काउंटवर. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील, तेवढा काउंट, म्हणजे आकडा वाढला की सूत बारीक होतं, आपल्याकडे पगार वाढला की शिल्लक होते तसं. कापडाची लांबी मीटरमध्ये, पन्हा इंचांत आणि वजन चौरस मीटरला अमुक इतके ग्रॅम. बटणं ग्रोसवर, १४४ चा एक ग्रोस. आणि त्या बटणाचा व्यास ना इंचात ना मिलिमीटरमध्ये, तर 'लाइन'मध्ये. ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाच्या पुढच्या पट्टीवर १८ लाइनचं, कॉलरच्या टोकाला १४ लाइनचं. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. आमच्या बाजाराकडे तो बहुधा ट्रान्सपोर्टने पाठवला होता आणि गाडी अजून रस्त्यात आहे.

पहिल्याच महिन्यात मी ऑर्डरीत '१८' च्या पुढे 'लाइन' ऐवजी सवयीने 'मिमी' लिहिलं. १८ लाइनचं बटण साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास भरतं. जी आली ती बटणं ओव्हरकोटाला शोभली असती. आमच्या कटिंग मास्टरांनी त्यातलं एक उचललं, डोळ्याला चष्म्यासारखं लावून माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता खिशात टाकलं. पुढची कित्येक वर्षं, मी आवाज चढवला की मास्टर खिशात हात घालत.

ह्या मास्टरांशी माझं कायमचं भांडण म्हणजे 'अ‍ॅव्हरेज', एका शर्टाला किती कापड लागतं ते. कॉस्टिंगवाले कागदावर १ मीटर ५२ सेंटिमीटर धरतात. मास्टर म्हणतात, एक पासष्टच्या खाली हात लावणार नाही. सुरतेहून अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं म्हणून आलेलं कापड मोजलं की सत्तावन्न भरतं. तो गेलेला एक इंच कुठे जातो, हे शोधायचं काम माझ्याकडे असतं आणि प्रत्येक जण सांगतो की कापड ओढून मोजलं तर भरेल. भरतं. पण मग शर्टही ओढून घालावा लागतो.

कापड तपासायची पद्धत मात्र मला आवडते. तिला चार गुणांची पद्धत म्हणतात. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्याच्या वर चार. शंभर चौरस वारांत चाळीसच्या आत गुण पडले तर साधारणपणे माल पास. म्हणजे आयुष्यभर ज्या माणसाने गुण वाढवण्यासाठी धडपड केली, त्याला इथे जास्त गुण मिळाले की नापास करतात. आमच्या एका ताक्याला एकदा नव्वदच्या वर पडले होते. शाळेत असता तर पेढे वाटले असते.

आता रंगाकडे येऊ. हा विषय मला नीट झोप लागू देत नाही.

आमच्या मर्चंडायझर मॅडम फॅशनचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या. त्यांच्या तोंडी रंगांची नावं अशी की मला आधी वाटायचं, त्या परदेशातल्या गावांबद्दल बोलतायत. 'सेज', 'टोप', 'मोव्ह', 'डस्टी रोज'. ह्या प्रत्येकाचा पँटोनच्या कार्डात एक नंबर असतो आणि तो नंबर सांगितला की जगात कुठेही तोच रंग मिळावा, अशी अपेक्षा असते. एकदा मी 'डस्टी रोज'चा तुकडा घरी घेऊन गेलो. आईने चष्मा लावला, तुकडा खिडकीपाशी नेला आणि म्हणाली, "विटका गुलाबी." 'सेज'ला ती म्हणाली, "वाळलेला कढीपत्ता." जिच्या कपाटात अबोली, डाळिंबी, चिंतामणी, श्रीखंडी, गुलबक्षी आणि आनंदी अशा नावांची लुगडी आहेत, तिला पँटोनचं कौतुक कशाला? पण आईच्या रंगांना नंबर नाहीत, त्यामुळे ती डाइंगवाल्याला डेबिट नोट लावू शकत नाही. तेवढ्यापुरती कंपनी बरी.

रंगवण्याआधी डाइंगवाला 'लॅब डिप' पाठवतो. अ, ब, क असे तीन चिमुकले तुकडे, एकाच रंगाच्या तीन छटा. त्यातली एक निवडायची असते. आजवर कुठल्याही बायरने त्यातली एक निवडलेली नाही. उत्तर येतं, 'ब आणि क च्या मधली, पण अ च्या अंगाने.' हे वाक्य मी डाइंगवाल्याला मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, एकदा हातवारे करून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही कळवा ब पास. मी काय करायचं ते करतो." आणि बायरने ते पास केलं. त्याने काय केलं, हे मी विचारलं नाही.

पांढरा हा एकच रंग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडे एक दिवस बसून बघावं. पांढरा, दुधी, मोतिया, हस्तिदंती, निळसर पांढरा, पिवळसर पांढरा आणि 'तसा पांढरा नाही' असा एक. पांढऱ्या शर्टाला पांढरं बटण, पांढरा दोरा आणि पांढरं लेबल लावलं की चौघं चार गावचे आहेत, हे लांबूनही कळतं. त्यात भर उजेडाची. दोन रंग ट्यूबच्या उजेडात जुळतात आणि उन्हात वेगळे दिसतात, हा प्रकार इतका सर्रास आहे की त्यासाठी आम्ही एक पेटी घेतली. बटण दाबलं की दिवसाचा उजेड, दुसरं दाबलं की दुकानातला. त्या पेटीत जुळवलेला करडा दोरा लावून आमचे नऊशे शर्ट शिवून झाले. मी एक हातात घेऊन गेटबाहेर पडलो, तर वॉचमन म्हणाला, "साब, धागा जामुनी क्यों लगाया?" उन्हात धरला, तर खरंच जांभळा. पेटी अजून आहे, तिची दरवर्षी तपासणीही होते. पण तेव्हापासून कुठलाही रंग पक्का करण्याआधी मी गेटपर्यंत एक फेरी मारून येतो. आमच्याकडे शेड तीन जणांकडून पास व्हावी लागते: मॅडम, बायर आणि वॉचमन.

हे झालं वस्तूंचं. पण परचेसवाल्याचं खरं आयुष्य फोनवर जातं, आणि फोनवर व्याकरणाचे नेहमीचे काळ चालत नाहीत. मराठीत वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन काळ आहेत. पुरवठादाराकडे चौथा असतो. त्या काळात क्रियापद भूतकाळी असतं आणि क्रिया अजून सुरू व्हायची असते. सुरतेचे शेठ म्हणतात, "माल तो निकल गया, साहब." तिरुपूरचे म्हणतात, "टुडे नाइट लोडिंग, सार." हे मी गेलं वर्षभर ऐकतोय, पण 'टुडे' कुठला ते कळलेलं नाही. इचलकरंजीचे आमचे एक मागवाले त्यातल्या त्यात मोकळे. त्यांनी सांगितलं, "गाडी कवाच सुटली की साहेब, आता निपाणीच्या फुडं असंल." मला बरं वाटलं. रात्री जेवताना आठवलं, इचलकरंजीहून मुंबईला येताना निपाणी लागत नाही. निपाणी उलट्या अंगाला, कर्नाटकात आहे. सकाळी फोन केला, तर ते तितक्याच मोकळेपणाने म्हणाले, "मग चुकली असंल."

ह्या लोकांनी मला पंचांगही शिकवलं. दिवाळीनंतर सुरतेचा बाजार लाभपंचमीशिवाय उघडत नाही. पोंगलला तिरुपूर बंद. ईदला भिवंडी आणि मालेगाव बंद. छठला आणि होळीला कारागीर गावी जातात, त्यामुळे सगळंच अर्धं बंद. चिनी नववर्षाला चेन आणि बटणं पाठवणारे जे गायब होतात, ते दोन-तीन आठवडे सापडत नाहीत. मालेगावला आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, माझी रविवारी आणि मधल्या शनिवारी मालेगावचा माल आला की माझ्याकडे तो उतरवायला हमाल नसतात. दाते पंचांगात मुहूर्त बघून लोक घरं घेतात. मी भिंतीवर चार गावांची चार कॅलेंडरं लावलीत आणि 'आज सगळे बाजार उघडे आहेत' असा मुहूर्त शोधतो. वर्षातून एकदा तो निघतो. त्या दिवशी आमचा सर्व्हर बंद असतो.

सकाळी साडेदहा ते दीड फोन मी करतो. अडीच ते सहा मला फोन येतात. माणसं तीच. सकाळी मी विचारतो, "माल कुठंय?" ते सांगतात, "गाडीत चढलाय." दुपारी ते विचारतात, "पेमेंट कुठंय?" मी सांगतो, "सहीला गेलंय." माल गाडीत चढलेला नसतो, चेक सहीला गेलेला नसतो. दोघांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे कुणी खोटं बोललं असं होत नाही. उलट ह्या रोजच्या देवाणघेवाणीतून एक जिव्हाळा तयार होतो. त्यांच्या मुलीचं लग्न, माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं एकमेकांना ठाऊक. फक्त माल आणि पैसे कुठे आहेत, तेवढं सोडून.

ह्यात मध्येच एका नियमाची भर पडली. १ एप्रिल २०२४ पासून, लहान उत्पादकाचं बिल करारातल्या मुदतीत, आणि ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची, दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. अकाउंट्सचे साहेब धावत आले, "सगळ्यांना विचारा, तुम्ही लघु आहात का?" मी विचारायला सुरुवात केली. एक शेठ भडकले. "लघु? आमचे शंभर माग आहेत! आजोबांपासून धंदा आहे! लघु कुणाला म्हणता?" दुसरे इतके घाबरले की आपण लघु आहोत हे कळलं तर ऑर्डर मोठ्यांकडे जाईल, म्हणून त्यांनी आपण फार प्रचंड असल्याचं शपथेवर सांगितलं. तिसऱ्यांनी शांतपणे विचारलं, "पैसे लवकर मिळायला काय असावं लागतं? ते आहे."

आता त्या पाचशे ग्रोसांकडे.

सहा हजार पांढऱ्या शर्टांची ऑर्डर होती. पुढच्या पट्टीला सहा बटणं आणि कॉलरपट्टीला एक. दोन्ही कफांना मिळून दोन, बाह्यांच्या चिरेला दोन. झाली अकरा. शिवाय आत शिवणीला एक जादा, हरवलं तर असावं म्हणून. बारा सक्कं बहात्तर, म्हणजे ७२,००० बटणं, बरोबर पाचशे ग्रोस. इतका गोल आकडा ह्या नोकरीत कधी येत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. शुक्रवारी माल दुकानांत जायचा होता. बुधवारी सकाळी शर्ट तयार, काजं पाडलेली आणि बटणं 'कवाच सुटलेली'.

मी मस्जिद बंदरला उतरलो आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. एका दुकानात दोनशे ग्रोस मिळाली, दुसऱ्यात एकशे ऐंशी, तिसऱ्यात बाकीची. तिघांचं पांढरं तीन प्रकारचं होतं. पण बुधवारी दुपारी माणूस तत्त्वं सोडतो. मी मनात म्हटलं, एका शर्टाला एकाच दुकानाची लावू, तीन शर्ट शेजारी शेजारी कोण घालतो? वीस-पंचवीस किलोचं पोतं खांद्यावर घेऊन मी कल्याण लोकलच्या मालडब्यात शिरलो. कोळणींनी पाट्या सरकवून जागा दिली. "काय हाये, तांदूळ?" म्हटलं, "बटणं." त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

ठाण्याला उतरून पुलावर चढलो. अर्ध्या पुलावर मागून एक मुलगा ओरडला, "काका, तुमचं काहीतरी गळतंय!" मागे बघतो, तर जिन्यापासून माझ्यापर्यंत पांढऱ्या ठिपक्यांची रांग, जणू कुणाच्या तरी पालखीसाठी रांगोळी घातलीय. संध्याकाळची वेळ, ठाणे स्टेशनचा पूल. लोक बटणांवरून चालत होते, घसरत होते आणि घसरता घसरता वाकून उचलतही होते. ठाणेकर भला माणूस. प्रत्येकाने उचललेलं माझ्या हातात आणून दिलं. एका गृहस्थांनी तर एकच बटण देण्यासाठी आपली गाडी सोडली.

एका आजीबाईंनी पदरात मूठभर गोळा केली होती. म्हणाल्या, "ह्यातली दोन घेऊ का रे? नातवाच्या शर्टाची गेलीत."

"घ्या की आजी, दहा घ्या."

त्यांनी एक डोळ्याजवळ धरलं, अंगठ्याने फिरवलं, मग उजेडाकडे नेलं. "चार भोकांचं आहे रे. दोन भोकांचं नाही?"

"नाही."

"मग राहू दे. बाकीची दोन भोकांची आहेत, हे शोभणार नाही." आणि पदर माझ्या पोत्यात झटकून त्या निघून गेल्या. फुकटचा मालसुद्धा स्पेसिफिकेशनला उतरला नाही म्हणून परत करणारी ही बाई आमच्या कंपनीत असती, तर आम्ही कुठच्या कुठे असतो.

भिवंडीला आमच्या कारखान्यात पोचलो. स्टोअरवाल्याने पोतं वजनावर मोजलं आणि पावतीवर लिहिलं: 'प्राप्त ४९७ ग्रोस. तूट ३ ग्रोस.' नियमाप्रमाणे तुटीची डेबिट नोट काढायची असते. अकाउंट्सने विचारलं, "कुणाच्या नावे?" मी म्हटलं, "मध्य रेल्वे." ते हसले नाहीत.

तीन ग्रोस म्हणजे ४३२ बटणं. ४३२ शर्टांचं आतलं जादा बटण कापलं आणि शुक्रवारी माल गेला.

त्या आठवड्यात घरी माझा काही उपयोग नव्हता, असं सौ. म्हणते. तो तसाही फारसा नसतो. मला कपडे घ्यायला ती नेतच नाही. दादरला एका दुकानात तिने साडी बघायला घेतली आणि मी काठ उलटा करून तिची वीण मोजत बसलो. दुकानदार म्हणाला, "साहेब इन्कम टॅक्सला आहेत का?" लोकलमध्ये उभा असलो की पुढच्या माणसाच्या शर्टाचा कोपरा माझ्या बोटांत आपोआप येतो आणि अंगठा सुरू होतो. चाळीस काउंट, बरं फिनिश, धुतल्यावर आटणार. एकदा एक जण वळून बघायला लागला, तेव्हा घाईघाईने म्हणालो, "पाकीट सांभाळा." तेव्हापासून त्या डब्यातले लोक माझ्यापासून पाकीट सांभाळतात.

पण बटणांची गोष्ट इथे संपली नाही. दोन महिन्यांनी कॉस्टिंगच्या तरुण साहेबांनी मीटिंगमध्ये एक तक्ता लावला. ४३२ शर्ट जादा बटणाशिवाय गेले आणि एकही तक्रार आली नाही. सबब, जादा बटण बंद करावं. वर्षाला चार लाख शर्ट, चाळीस पैसे, बचत १,६०,००० रुपये. माझ्याच पोत्यातली गळती माझ्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. मी तावातावाने बोललो. गिऱ्हाईकाचा विश्वास, कंपनीचं नाव, आजीबाई, सगळं काढलं. मोठ्या साहेबांनी टेबलाभोवतीच्या आम्हा नऊ जणांना विचारलं, "तुमच्यापैकी कुणी आयुष्यात कधी ते जादा बटण लावलंय?"

प्रत्येकाच्या घरी एक जुना बिस्किटांचा डबा होता. डब्यात पन्नास-साठ जादा बटणं होती. कुठलंही बटण कुठल्याही शर्टाला जुळत नव्हतं. एका हाताचंही बोट वर झालं नाही. माझंसुद्धा.

ठराव पास होणार, तेवढ्यात लेबलवाल्या मॅडम म्हणाल्या, "पण धुण्याच्या सूचनांच्या लेबलावर बटण शिवायची खूण छापलेली आहे. रिकामी खूण राहिली तर बटण तुटून पडलं असं वाटेल. आणि लेबलं तर भरपूर पडून आहेत." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेबलवाला कमीत कमी अमुक लाखांच्या खाली ऑर्डर घेत नाही, म्हणून मीच गेल्या वर्षी गरजेपेक्षा जास्त घेतली होती, आणि त्यावरून मला मेमोही मिळाला होता. तो मेमो अजून परत घेतलेला नाही. पण बटण मात्र लेबलं संपेपर्यंत चालू ठेवायचं ठरलं.

माझ्या हिशेबाने लेबलांचा साठा पुढच्या मार्चपर्यंत पुरेल. तोवर आमचा शर्ट घेतलात, तर आत, डाव्या बाजूच्या शिवणीला, लेबलावर ते सापडेल. ज्या ४३२ जणांना मिळालं नाही, त्यांनी ठाणे स्टेशनच्या पुलावर जिन्याच्या कडेकडेने बघत चालावं. चार भोकांचं, १८ लाइन, पांढरं. कुठलं पांढरं, ते मात्र सांगता येणार नाही.